बारा दिवस, सहा माणसं, दहा ठिकाणं: पश्चिम अमेरिकेतल्या एका उन्हाळी सहलीची आखणी

जानेवारी २०२४ मध्ये माझ्या भाच्याने मला एक एक्सेल शीट पाठवलं. तो कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो, मी सॉल्ट लेक सिटीत. ताई आणि भाऊजी जूनमध्ये सांगलीहून येणार होते. जूनअखेर सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन होतं, ते आटोपलं की ५ ते १६ जुलै अशी रजा भाच्याने टाकून ठेवली होती. गाडीत सहा जण: भाचा, सूनबाई, बारा आणि सात वर्षांची दोन मुलं, गुडघेदुखी असलेली ताई, आणि मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे भाऊजी. ताई अडुसष्ट वर्षांची, भाऊजी बहात्तर.

शीट असं होतं. ५ तारखेला योसेमिटी, ६ ला डेथ व्हॅली, ७ ला लास वेगास, ८ ला ग्रँड कॅन्यन, ९ ला पेज आणि अँटिलोप कॅन्यन, १० ला झायन, ११ ला ब्राइस, १२ ला मोआब आणि आर्चेस, १३ ला ग्रँड टीटनच्या पायथ्याचं जॅक्सन, १४ ला यलोस्टोन, १५ आणि १६ घरी परत. शेवटच्या रकान्यात प्रत्येक दिवसाचे मैल आणि नकाशावरून काढलेले तास. बेरीज ३,२०० मैलांच्या आसपास, म्हणजे सुमारे ५,१५० किलोमीटर. श्रीनगरहून कन्याकुमारीला गाडीने जाण्यापेक्षा हे अंतर जास्त आहे.

हे शीट मी इथे सविस्तर मांडते आहे, कारण अशी शीटं मला दरवर्षी येतात. माणसं बदलतात, पण दहा ठिकाणांची यादी जवळपास तीच असते, आणि तिच्यामागचं कारणही तेच असतं. भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, आई-बाबा पुन्हा कधी येतील कोणास ठाऊक. बाबांचं वय बघ. एकदाच येतायत तर सगळं दाखवू दे ना." या वाक्यात प्रेम आहे, आणि थोडी टोचणीही आहे. दूर राहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मनात ती असते. बारा दिवसांत दहा ठिकाणं बसवणारा माणूस हिशेबात कच्चा असतो असं नाही. वर्षानुवर्षांची भरपाई त्याला एका सहलीत करायची असते. म्हणून शीटमधल्या चुका दाखवून भागत नाही, आधी ही टोचणी समजून घ्यावी लागते.

शीटमध्ये जे नव्हतं

अकरा रात्री आणि अकरा वेगळ्या खोल्या, हे माझ्या आधी डोळ्यांत भरलं. सहा जणांच्या बॅगा रोज सकाळी बांधायच्या, गाडीत रचायच्या, रात्री उतरवायच्या. आंघोळी, नाश्ता, औषधं, मुलांचं आवरणं धरून यात रोज दोन तास जातात, आणि ते सकाळचे असतात. पश्चिमेतल्या पार्कांमध्ये उन्हाळ्यात सकाळ हाच सोन्याचा वेळ. नऊनंतर वाहनतळ भरतात, दहानंतर ऊन चढतं.

दुसरी गोष्ट वेगाची. नकाशा महामार्गाचा वेग धरतो. पार्कात वेगमर्यादा ताशी ४५ मैलांच्या वर सहसा जात नाही, वळणांवर ती आणखी उतरते, आणि यलोस्टोनमध्ये अमेरिकी गव्यांचा (बायसनचा) कळप रस्त्यावर येऊन उभा राहिला की मर्यादेला अर्थच उरत नाही. ज्येष्ठ माणसं आणि मुलं बरोबर असतील, तर नकाशाच्या वेळेत मी जवळपास निम्मा वेळ आणखी मिळवते. दर दीड तासाला स्वच्छतागृह हवं, पाय मोकळे करायला हवेत, मधुमेह असलेल्या माणसाचं खाणं वेळेवर व्हायला हवं. शीटमध्ये ब्राइस ते मोआब साडेचार तास धरले होते. त्या वाटेवर इंटरस्टेट ७० या महामार्गाचा सलायना ते ग्रीन रिव्हर हा सुमारे ११० मैलांचा पट्टा लागतो. त्यात एकही पेट्रोल पंप नाही, एकही दुकान नाही. व्ह्यू पॉइंटवर स्वच्छतागृहं आहेत, बाकी नुसते खडक आणि आकाश. तरुणांना ही वाट फार आवडते. ताईला तिथे दीड तास सलग बसवणं मला पटेना.

घड्याळाचाही एक घोळ होता. अ‍ॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा करतं. अ‍ॅरिझोनातच असलेलं नावाहो राष्ट्र मात्र करतं. ग्रँड कॅन्यन, पेज आणि झायन या तीन दिवसांत घड्याळ मागेपुढे होतं, आणि अँटिलोप कॅन्यन तर गाइडबरोबर ठरल्या वेळीच पाहावं लागतं. शीटमध्ये या तासाची नोंद नव्हती.

पण सगळ्यात मोठा प्रश्न उन्हाचा होता. भाऊजी फोनवर हसून म्हणाले, "आम्ही सांगलीची माणसं, आम्हाला उन्हाचं काय सांगतेस?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, पण सांगलीचा मे आणि डेथ व्हॅलीचा जुलै यांत फार अंतर आहे. १० जुलै १९१३ रोजी डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला १३४ अंश फॅरनहाइटची, म्हणजे ५६.७ सेल्सिअसची नोंद झाली, आणि जगातलं नोंदलेलं सर्वाधिक तापमान म्हणून ती आजही मानली जाते. तिथली हवा इतकी कोरडी असते की घाम येतो आणि त्याच क्षणी उडून जातो. अंग ओलं होत नाही, त्यामुळे शरीरातलं पाणी किती गेलं ते माणसाला कळत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातलं पाणी आणखी कमी करतात. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर खालच्या भागात पायी फिरू नका, असं पार्कवाले स्वतःच सांगतात.

भाच्याने सुचवलं, "गाडीतून उतरायचंच नाही, एसीतून बघू." त्यावर मी विचारलं, गाडी बंद पडली तर? तिथे लांबलांब अंतरं फोनला रेंज नसते.

ताई आणि भाऊजींना काय हवं होतं

शीट बनवताना त्या दोघांना कोणी काही विचारलंच नव्हतं. त्यांना आनंदाचा धक्का द्यायचा होता. मी ताईला वेगळा फोन केला. ती बराच वेळ "तुम्ही न्याल तिकडे" म्हणत राहिली. आमच्या पिढीच्या बायकांकडून पहिल्या फेरीत दुसरं उत्तर येत नाही. मग हळूहळू म्हणाली की जमिनीतून उकळतं पाणी वर उडतं ते तिला बघायचं आहे, आणि नातवंडांबरोबर कुठेतरी दोन दिवस एका जागी राहायचं आहे. रोज सामान बांधायला तिला नको होतं. गुडघ्यांमुळे पायऱ्या जमत नाहीत, सपाट रस्त्यावर ती अर्धा-पाऊण मैल चालते, हेही तेव्हाच कळलं. भाच्याच्या यादीत अँटिलोप कॅन्यन होतं. तिथल्या एका भागात लोखंडी शिड्यांनी उतरावं लागतं.

भाऊजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना हूव्हर धरण बघायचं होतं. लास वेगासपासून ते तासाभरावर आहे, आणि शीटमध्ये ८ तारखेला ग्रँड कॅन्यनच्या वाटेवर त्याला पाऊण तास दिला होता. ज्या माणसाने आयुष्य कालव्यांच्या पाळ्या आणि धरणांच्या पातळ्या बघण्यात घालवलं, त्याला हूव्हर धरणावर पाऊण तास? तेही भर दुपारी? हा पाऊण तास मला सगळ्या शीटमध्ये सर्वांत जास्त खटकला.

बारा वर्षांच्या नातीला लांडगे बघायचे होते. सात वर्षांच्या नातवाला हॉटेलात पोहायला मिळालं की बाकी काही नको होतं. सूनबाईने एकच सांगितलं, एक दिवस तरी असा हवा की कुणीही घड्याळ बघणार नाही.

या पाच उत्तरांवरून आखणी आपोआप उत्तरेकडे सरकली. उकळतं पाणी, लांडगे, एका जागी मुक्काम आणि सोसवेल असं हवामान हे चारही जुलैत एकत्र मिळतात ते यलोस्टोनला. हूव्हर धरण सुटत होतं. त्याचं काय केलं ते पुढे येईल.

काय ठेवलं, काय सोडलं

ठरलं ते असं. सॅन होजेहून सॉल्ट लेकला विमानाने यायचं, इथून सात आसनी मिनीव्हॅन भाड्याने घ्यायची आणि इथेच परत करायची. गाडी एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडली तर वेगळा आकार पडतो. शिवाय सनीव्हेल ते यलोस्टोन हा जवळपास साडेनऊशे मैलांचा परतीचा रस्ता विमानामुळे पूर्ण टळला. विमानाचे पैसे भाच्याला आधी जड वाटले. वाटेतल्या दोन रात्रींच्या खोल्या, पेट्रोल आणि वाया जाणारे दोन दिवस त्याने एका बाजूला मांडले, तेव्हा फरक फारसा उरला नाही.

पहिली रात्र आमच्याकडे. मग टीटनसाठी दोन रात्री, यलोस्टोनला चार, परत आमच्याकडे येऊन दोन रात्री विसावा, आणि शेवटी दक्षिण युटात कॅपिटल रीफ आणि ब्राइससाठी दोन रात्री. सगळे मिळून साधारण १,७०० मैल, मूळ बेताच्या निम्मे. उंचीही टप्प्याटप्प्याने वाढत होती. सॉल्ट लेक सुमारे ४,३०० फुटांवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या आसपास. जॅक्सन ६,२००, आणि यलोस्टोनमधलं कॅन्यन व्हिलेज जवळपास ८,००० फूट. समुद्रसपाटीजवळून थेट ८,००० फुटांवर गेलं की ज्येष्ठांना झोप लागत नाही, डोकं धरतं. मध्ये दोन-तीन रात्री गेल्या तर शरीर सावरतं.

आर्चेस सोडताना भाचा सर्वांत जास्त हळहळला. २०२४ मध्ये तिथे एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी ७ ते दुपारी ४ या वेळेत आत जायला आधी वेळ राखून ठेवावी लागत होती. जुलैची आरक्षणं १ एप्रिलला उघडायची. ती मिळालीही असती. पण डेलिकेट आर्च या दगडी कमानीपर्यंतची वाट जाऊन-येऊन तीन मैलांची, चढाची, उघड्या खडकावरची, आणि सावली कुठेच नाही. मग ताई गाडीत बसून काय बघणार? झायनमध्ये आतल्या रस्त्यावर मोसमात खासगी गाड्या सोडत नाहीत, शटल बसने जावं लागतं. बस सोयीची आहे, रांगेतलं ऊन नाही. ही दोन्ही ठिकाणं सनीव्हेलहून लांबच्या शनिवार-रविवारी ऑक्टोबरात किंवा मार्चमध्ये होऊ शकतात. यलोस्टोनचे बहुतेक रस्ते नोव्हेंबर ते एप्रिल बंद असतात, त्याला उन्हाळाच लागतो. कुठलं ठिकाण कुठल्या ऋतूचं आहे हे पाहिलं की निवड पुष्कळ सोपी होते.

खोल्या

यलोस्टोनमधली हॉटेलं दर महिन्याच्या ५ तारखेला पुढच्या वर्षाच्या त्याच महिन्यासाठी उघडतात. जुलै २०२४ च्या खोल्या ५ जुलै २०२३ ला खुल्या झाल्या होत्या, आणि आम्ही जानेवारीत जागे झालो होतो. सगळं भरलेलं दिसलं. अशा वेळी लोक पार्काबाहेरची खोली घेतात आणि विषय संपवतात. माझं म्हणणं वेगळं आहे. बाहेरची खोली जरूर घ्यावी, रद्द करता येईल अशीच घ्यावी, आणि मग पार्कातल्या रद्द झालेल्या खोल्यांवर नजर ठेवावी. लोकांचे बेत मोडतात, वसंतात खोल्या सुटत राहतात. सूनबाई रोज सकाळी चहा घेताना पाहत असे. एप्रिलच्या शेवटी कॅन्यन व्हिलेजला दोन रात्रींसाठी दोन खोल्या मिळाल्या. उरलेल्या दोन रात्री वेस्ट यलोस्टोन गावात, पोहण्याचा तलाव असलेल्या मोटेलात घेतल्या. नातवाचीही सोय झाली.

रद्द करता येणाऱ्या आरक्षणाची किंमत जूनमध्ये कळली. जॅक्सनच्या खोल्या जुलैत परवडत नाहीत, म्हणून टीटन खिंडीपलीकडे आयडाहोतल्या ड्रिग्ज गावी खोल्या घेतल्या होत्या. ८ जूनला त्या खिंडीतल्या रस्त्याचा एक मोठा तुकडा दरडीबरोबर खाली गेला. रस्ता बंद. वळसा घालून जायचं तर रोज जाता-येता कित्येक तास गेले असते. आम्ही त्याच आठवड्यात ड्रिग्ज रद्द करून जॅक्सनच्या दक्षिणेला आल्पाइनला खोल्या घेतल्या. खिंडीतला तात्पुरता रस्ता २८ जूनला सुरू झाला, पण तोवर थांबून बघण्याची जोखीम घ्यायचं आम्हाला कारण नव्हतं. पश्चिमेत हे नेहमीचं आहे. जून २०२२ मध्ये पुराने यलोस्टोनचा उत्तरेकडचा रस्ता वाहून गेला आणि सगळं पार्क काही दिवस बंद ठेवावं लागलं. २०२३ मध्ये बर्फ इतकं पडलं होतं की योसेमिटीतून पूर्वेकडे जाणारा टायोगा रस्ता २२ जुलैला उघडला. ज्यांचा बेत एकाच रस्त्यावर अवलंबून होता त्यांची त्या वर्षी पंचाईत झाली असणार.

आई-वडिलांसाठी प्रवासी आरोग्य विमा, औषधांच्या चिठ्ठ्या, फोनमध्ये उतरवून ठेवलेले नकाशे ही तयारी भाच्याने माझ्याआधीच केली होती. तिथे मला काही सांगावं लागलं नाही.

प्रत्यक्षात

६ जुलैच्या शनिवारी सकाळी सात वाजता मंडळी आमच्या घरून निघाली. लोगन कॅन्यन, बेअर लेक, मग स्टार व्हॅलीतून आल्पाइन. नकाशा पाच तास म्हणत होता, पोचायला आठ लागले, आणि कुणाची कुरकुर नव्हती, कारण आठच धरले होते. बेअर लेकच्या काठावर दशम्या आणि बटाट्याची कोरडी भाजी झाली.

त्याच दुपारी डेथ व्हॅलीत बॅडवॉटरजवळ मोटारसायकलवरून चाललेल्या सहा जणांच्या गटातला एक जण उष्म्याने मरण पावला. तापमान १२८ अंश होतं, ५३ सेल्सिअसच्या वर. दुसऱ्याला गंभीर अवस्थेत लास वेगासला हलवलं. हेलिकॉप्टर बोलावता आलं नाही, कारण १२० अंशांच्या वर ते सुरक्षितपणे उडू शकत नाही. दुसऱ्या दिवशी, ७ जुलैला, लास वेगासमध्ये १२० अंशांची नोंद झाली, त्या शहराच्या इतिहासातली सर्वाधिक. मूळ शीटमध्ये ६ तारखेला डेथ व्हॅली होती आणि ७ ला लास वेगास. जानेवारीत हे कुणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण जुलैचा पहिला पंधरवडा तिथे कसा असतो ते शंभर वर्षांपासून लिहून ठेवलेलं आहे, आणि आखणी त्यावर करता येते.

टीटनमध्ये जेनी लेकला सकाळी साडेसातला पोचल्यामुळे गाडी लावायला जागा मिळाली. भाचा, सूनबाई आणि मुलं होडीने पलीकडे जाऊन धबधब्यापर्यंत चढली. ताई आणि भाऊजी काठावरच्या सपाट वाटेने फिरून बाकावर बसले. दुपारी सगळे जॅक्सन लेकच्या धरणावर गेले. हूव्हरच्या बदल्यात मी भाऊजींसाठी हे शोधून ठेवलं होतं. मूळचा नैसर्गिक तलाव, त्यावर १९०६-०७ मध्ये लाकडी ओंडक्यांचं धरण बांधलं, १९१० मध्ये ते फुटलं, १९११ पासून काँक्रीटचं बांधलं आणि १९१६ पर्यंत वाढवलं. तलावाची पातळी त्याने ३९ फूट उचलली. पार्क झालं १९२९ मध्ये, आणि हा तलाव पार्कात आला १९५० मध्ये. म्हणजे राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध पाटबंधाऱ्याचं धरण उभं आहे, आणि त्यातलं पाणी स्नेक नदीतून जातं ते आयडाहोतल्या शेतकऱ्यांच्या बटाट्याला आणि बीटाला. भाऊजी तिथे दीड तास होते. दरवाजे किती, विसर्ग किती, खालच्यांचा हक्क आधी की वरच्यांचा, असं नातीला समजावत होते. तिने ते सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी आल्पाइनला परतल्यावर समोर पॅलिसेड्स धरणाचा जलाशय होता, त्याच स्नेक नदीचा. त्या दिवसानंतर भाऊजींनी हूव्हरचं नाव काढलं नाही.

८ तारखेला दक्षिण दरवाजातून यलोस्टोन. तिथला ओल्ड फेथफुल हा उकळत्या पाण्याचा फवारा साधारण दीड तासाने उडतो, पुढची वेळ दहा मिनिटं इकडे-तिकडे धरून फलकावर लिहिलेली असते, आणि समोर बाकं असतात. उभं राहावं लागत नाही, पायऱ्या नाहीत. ताईने तो पाहिला, आणि मग म्हणाली की अजून एकदा पाहू. मुक्काम पुढे वेस्ट यलोस्टोनलाच होता, घाई नव्हती, म्हणून दीड तास थांबून पुन्हा पाहिला. मूळ शीटमध्ये यलोस्टोनला एकूण एकच दिवस होता. त्यात हे दुसऱ्यांदा बघणं बसलं नसतं. सगळ्या सहलीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

९ ला मिडवे बेसिनचा ग्रँड प्रिझमॅटिक हा गरम पाण्याचा झरा आणि थोडं पुढे बिस्किट बेसिन, लाकडी पायवाटेवरून. मुलांचे हात घट्ट धरून चालावं लागतं. पायवाटेबाहेरची जमीन वरून कोरडी दिसते, पण पातळ कवचाखाली उकळतं पाणी असू शकतं. २३ जुलैला, ही मंडळी परतल्यावर आठवड्याभरात, त्याच बिस्किट बेसिनमध्ये सकाळी भूगर्भातल्या वाफेचा स्फोट होऊन पायवाटेचा भाग उद्ध्वस्त झाला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

कॅन्यनचे दोन दिवस पार्कातल्या खोलीमुळे वेगळे झाले. ११ तारखेला पहाटे पावणेपाचला भाचा, नात आणि भाऊजी लमार व्हॅलीकडे गेले. यलोस्टोनमध्ये लांडगे १९९५ मध्ये पुन्हा सोडले गेले, आणि ते बघायचे तर पहाटेच. ताई, सूनबाई आणि धाकटा झोपून राहिले, उठून सावकाश चहा घेतला, चालत माहिती केंद्रात गेले. खोली बाहेर असती तर सहाही जणांना चार वाजता उठून निघावं लागलं असतं, किंवा कुणीच गेलं नसतं. एका अनोळखी बाईंनी आपल्या दुर्बिणीतून नातीला पाहू दिलं. लांडगे फार लांब होते, पण होते. परतताना वाटेत गव्यांनी तासभर रस्ता अडवला. काचा बंद करून बसायचं, उतरायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. गव्यापासून २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड हा नियम आहे, आणि त्याच वर्षी १ जूनला एका ८३ वर्षांच्या बाईंना गव्याने शिंगांवर घेतलं होतं. तासभर गेल्यामुळे दुपारचा मॅमथच्या गरम झऱ्यांचा कार्यक्रम रद्द केला. कुणाला वाईट वाटलं नाही.

१३ जुलैला आमच्या घरी कुणीही घड्याळ पाहिलं नाही. कपडे धुतले, मुगाची खिचडी, कढी आणि भाजलेले पापड झाले, भाऊजी दुपारी दोन तास झोपले. सूनबाईला हवा होता तो दिवस हाच.

दक्षिण युटाचे तीन दिवस या सहलीतले सर्वांत अवघड होते. तिथे ऊन होतंच. कॅपिटल रीफला दुपार फ्रूटा या जुन्या वस्तीतल्या, मॉर्मन पंथाच्या वसाहतकाळातल्या फळबागेच्या सावलीत काढली. मग हायवे १२ ने ब्राइस. हा रस्ता एका ठिकाणी दोन्ही बाजूंना दरी असलेल्या अरुंद कण्यावरून जातो, भित्र्या माणसाने तिथे गाडी चालवू नये. दुपारी ढग गडगडले. जुलैच्या मध्यापासून तिथे वळवासारख्या सरी येतात, अरुंद घळींमध्ये अचानक पूर येतात. १२ ऑगस्ट १९९७ ला अँटिलोप कॅन्यनमध्ये अशाच पुरात ११ पर्यटक गेले, आणि पाऊस पडला होता कित्येक मैल वर. ब्राइसला कडा ८,००० फुटांच्या वर असल्याने संध्याकाळ गार होती. सनराइज आणि सनसेट पॉइंटमधली अर्ध्या मैलाची फरसबंद वाट जवळपास सपाट आहे. ताई ती दोन्ही बाजूंनी चालली. १६ ला सकाळी निघून दुपारी सॉल्ट लेक, रात्रीच्या विमानाने घर.

पुढच्या खेपेसाठी

आता भाऊजींनी स्वतःच पुढचा बेत काढला आहे: हूव्हर धरण, ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ, झायन. लास वेगासहून सुरुवात आणि तिथेच शेवट, आठ दिवस, तीनच मुक्काम, ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. हूव्हरला एक पूर्ण सकाळ दिली आहे. उत्तर काठाचा विचार सोडून दिला. जुलै २०२५ च्या वणव्यात तिथलं ग्रँड कॅन्यन लॉज जळून गेलं.

पैशांचा हिशेब मात्र बदलला आहे. २०२४ मध्ये ८० डॉलरच्या एका वार्षिक पासवर टीटन, यलोस्टोन, कॅपिटल रीफ आणि ब्राइस ही चारही पार्कं सगळ्या गाडीला झाली. वेगवेगळे भरले असते तर १२५ डॉलर लागले असते. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी वार्षिक पास २५० डॉलरचा झाला आहे, आणि तो नसेल तर ११ गर्दीच्या पार्कांत सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येक पाहुण्याला नेहमीच्या शुल्कावर १०० डॉलर जादा आहेत. यलोस्टोन, ग्रँड टीटन, ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस आणि योसेमिटी ही सगळी त्या अकरांत येतात. भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील, तर पास कुणाच्या नावाने काढायचा हे खोल्यांच्या आधी ठरवायला हवं. आरक्षणाचे नियमही पार्कागणिक दरवर्षी बदलतात, त्यामुळे ते त्या त्या पार्काच्या पानावर त्या वर्षीचेच वाचायचे. भाच्याला मी हे दोन्ही कळवलं आहे, आणि लास वेगासच्या खोल्या रद्द करता येतील अशाच घे असंही.